लाळ एकाची, माहिती कुळाची

डीएनएच्या चाचणीतून पूर्वज आणि नातेवाईक शोधून देण्याचा धंदा अमेरिकेत २००० च्या सुमारास सुरू झाला आणि पंचवीस वर्षांत कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचला. चाचणीची पद्धत अगदी सोपी आहे. टपालाने एक छोटी पेटी येते. तिच्यात प्लॅस्टिकची नळी असते आणि नळीवर एक रेघ. अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही, मग त्या रेघेपर्यंत लाळ भरायची आणि झाकण लावायचे. झाकणातले द्रव लाळेत उतरते, त्यामुळे नमुना टिकतो. नळीवरचा क्रमांक संकेतस्थळावर नोंदवायचा, अटी मान्य असल्याची खूण करायची आणि पेटी परत पाठवायची. काही आठवड्यांनी अहवाल येतो. त्यात एक तर आपले पूर्वज जगाच्या कोणकोणत्या भागांतले असावेत याची टक्केवारी असते, आणि दुसरे म्हणजे त्याच कंपनीकडे लाळ पाठवलेल्या ज्या ज्या माणसांचा डीएनए आपल्याशी जुळतो त्यांची यादी असते. लोकांना ओढ असते ती टक्केवारीची. खरे तर ती बरीच ढोबळ गोष्ट आहे. कंपनीने तुलनेसाठी जमवलेले नमुने बदलले की त्याच माणसाचे आकडे बदलतात. यादीचे तसे नाही. ती बहुतेक वेळा बरोबर असते, आणि या लेखनाचा खरा विषय ती यादीच आहे. कारण तिच्या आधाराने अशा माणसांपर्यंतही पोहोचता येते, ज्यांनी ती नळी कधी पाहिलेली नाही आणि कुठल्याही अटीवर खूण केलेली नाही.

हे कसे घडते ते आधी समजून घेतले पाहिजे. माणसाला निम्मा डीएनए आईकडून मिळतो, निम्मा वडिलांकडून. त्यामुळे सख्ख्या भावंडांत सरासरीने निम्मा डीएनए सामायिक असतो, चुलत-मावस भावंडांत साडेबारा टक्के, पणजोबा-पणजी एक असलेल्यांत तीन टक्क्यांच्या आसपास आणि खापरपणजोबा एक असलेल्यांत एक टक्क्याच्याही आत. हा शेवटचा आकडा क्षुल्लक वाटेल. पण कंपनीची चिप डीएनएतल्या सहा-सात लाख जागा वाचते आणि सलग जुळणारे तुकडे शोधते, आणि असा पुरेसा लांब तुकडा दोन माणसांत सहसा योगायोगाने येत नाही, तो दोघांनाही एकाच पूर्वजाकडून आलेला असतो. अमेरिकी पोलिसांच्या प्रचलित डीएनए नोंदीत वीसच जागा पाहिल्या जातात. तेवढ्यावरून तोच माणूस आहे की नाही हे ठरते, फार तर बाप-लेक किंवा सख्खे भाऊ ओळखू येतात. लाळेच्या नळीतून निघणारी माहिती याच्या कितीतरी पटींनी दूरवर जाते. खासगीपणाविषयीचा आपला बहुतेक विचार एका गृहीतावर उभा आहे. माहिती ज्याची, हक्क त्याचा, आणि त्याने संमती दिली की प्रश्न मिटला. फोन क्रमांक किंवा बँकेचे खाते यांच्या बाबतीत हे बऱ्यापैकी लागू पडते. डीएनएच्या बाबतीत नाही, कारण तिथे देणारा एक असतो आणि माहिती त्याच्या भावंडांची, मुलांची, न जन्मलेल्या नातवंडांची आणि ज्यांची नावेही त्याला ठाऊक नाहीत अशा दूरच्या भाऊबंदांचीही असते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की जनुकीय खासगीपणा संमतीच्या कागदावर सोडून चालणार नाही. माहिती ज्याच्या ताब्यात जाते त्याच्यावर कायद्याने बंधने घातली पाहिजेत, आणि देणाऱ्याने संमती दिली म्हणून ती बंधने सैल होता कामा नयेत.

या प्रश्नाकडे जगाचे लक्ष गेले ते एका खटल्यामुळे. १९७४ ते १९८६ या काळात कॅलिफोर्नियात एका माणसाने तेरा खून आणि पन्नासच्या वर बलात्कार केले आणि तो सापडला नाही. व्हेंचुरा काउंटीतल्या १९८० च्या एका गुन्ह्यातला त्याचा डीएनए जपून ठेवलेला होता, पण पोलिसांच्या नोंदीत तो कोणाशीही जुळत नव्हता. तपास करणाऱ्यांनी मग त्या नमुन्याची लाळेच्या चाचणीसारखीच माहिती तयार केली आणि जीईडीमॅच या संकेतस्थळावर साध्या सभासदासारखी चढवली. वेगवेगळ्या कंपन्यांकडून चाचणी करून घेतलेल्या लोकांनी आपली माहिती ताडून पाहण्यासाठी हे संकेतस्थळ वापरावे, अशा हेतूने दोन हौशी वंशावळ-अभ्यासकांनी ते उभे केले होते. त्यावर काही दूरचे भाऊबंद सापडले. त्यांच्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेलेल्या समान पूर्वजांपर्यंत मागे जायचे, आणि तिथून जनगणनेच्या नोंदी, वर्तमानपत्रांतल्या मृत्यूच्या बातम्या, दफनभूमींच्या याद्या चाळत एकेक शाखा पुन्हा आजपर्यंत खाली आणायची, असे काम काही महिने चालले. सुमारे पंचवीस वंशवृक्ष तयार झाले. त्यांतल्या एकट्या एका वृक्षात हजारभर माणसे होती. वय, लिंग, राहण्याचे ठिकाण यांवरून नावे गाळत गाळत ते जोसेफ जेम्स डीअँजेलो या बहात्तर वर्षांच्या माजी पोलिसापाशी पोहोचले. त्याच्या मोटारीच्या दाराच्या मुठीवरून आणि कचऱ्यात टाकलेल्या कागदी रुमालावरून डीएनए घेऊन खात्री केली आणि एप्रिल २०१८ मध्ये त्याला अटक झाली. दोन वर्षांनी त्याने गुन्हे कबूल केले आणि त्याला जन्मठेप झाली. या माणसाने स्वतः लाळ कुठेही दिलेली नव्हती.

अटक झाली त्याच वर्षी, २०१८ च्या ऑक्टोबरात, यानिव एर्लिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायन्स या नियतकालिकात एक हिशेब मांडला. सुमारे तेरा लाख लोकांच्या माहितीवरून त्यांनी दाखवले की अमेरिकेत युरोपीय वंशाच्या कोणाही व्यक्तीचा शोध घेतला तर साठ टक्के वेळा तिचा खापरपणजोबांकडून जोडलेला किंवा त्याहून जवळचा नातेवाईक संग्रहात सापडतो. एखाद्या समाजातल्या दोन टक्के लोकांनी चाचणी केली की त्या समाजातल्या जवळपास प्रत्येकापर्यंत असा धागा पोहोचतो. या दोन टक्क्यांपाशी थोडे थांबावे असे मला वाटते. शंभरांतल्या दोघांनी हौसेने, भेट म्हणून मिळाली म्हणून, सवलतीत होती म्हणून चाचणी केली, आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णवांची अनामिकता संपली. त्यांना कोणी विचारले नाही. विचारण्याची काही व्यवस्थाही नव्हती.

आणि ज्यांना विचारले होते त्यांच्या संमतीचे काय झाले? जीईडीमॅचने त्या अटकेनंतर पोलिसांना खून आणि लैंगिक अत्याचार एवढ्याच गुन्ह्यांसाठी शोध घेऊ देण्याचा नियम केला. वर्षभरात युटा राज्यातल्या एका मारहाणीच्या प्रकरणात स्वतःच तो नियम मोडला. लोकांनी आवाज उठवला तेव्हा मे २०१९ मध्ये सगळ्या सभासदांची माहिती पोलिसांपासून बंद करून, ज्याला हवी त्याने ती उघडी करावी, असे ठरले. मग फ्लोरिडातल्या एका न्यायालयाने एका तपास अधिकाऱ्याला संपूर्ण संग्रह धुंडाळण्याची परवानगी दिली; नाही म्हणणाऱ्यांची माहितीही त्यात आली. त्या वर्षाच्या शेवटी संकेतस्थळ न्यायवैद्यक क्षेत्रातल्या एका कंपनीने विकत घेतले. जुलै २०२० मध्ये चोरट्यांनी आत शिरून सगळ्यांच्या परवानग्या बदलून टाकल्या आणि नकार दिलेले दहा लाखांवर लोक काही तास पोलिसांच्या शोधासाठी उघडे पडले. एकदा खूण करून दिलेली संमती दोन-अडीच वर्षांत मालकाच्या मर्जीने, न्यायाधीशाच्या आदेशाने, विक्रीने आणि चोरीने अशी चार वेळा बदलली.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप उघड आहे. तेरा खून करणारा माणूस चाळीस वर्षांनी सापडला, त्याच्या तावडीतून वाचलेल्या स्त्रियांनी त्याला न्यायालयात पाहिले. यात वाईट काय? वाईट काहीच नाही, आणि या पद्धतीचे ऋण मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्याचा अधिकार कोणाला नाही. आयडाहो फॉल्स शहरात १९९६ मध्ये झालेल्या एका खुनासाठी वीस वर्षे तुरुंगात काढलेला माणूस २०१९ मध्ये निर्दोष ठरला, तो याच पद्धतीने खरा गुन्हेगार सापडल्यामुळे. परंतु ज्याने काही केले नाही त्याने कशाला भ्यायचे, हा त्यापुढचा युक्तिवाद मात्र टिकत नाही. डीअँजेलोपर्यंत पोहोचण्याआधी, २०१७ मध्ये, याच तपासात ऑरेगॉनमधल्या शुश्रूषागृहात राहणाऱ्या त्र्याहत्तर वर्षांच्या एका निरपराध वृद्धावर संशय गेला होता आणि न्यायालयाच्या आदेशाने त्याचा डीएनए घेतला गेला होता. सॅन फ्रान्सिस्कोत २०२२ मध्ये उघड झालेली गोष्ट याहून जिव्हारी लागणारी आहे. बलात्काराची तक्रार करताना एका स्त्रीने तपासणीसाठी दिलेला नमुना पोलिसांच्या प्रयोगशाळेने ठेवून घेतला होता आणि काही वर्षांनी मालमत्तेच्या एका गुन्ह्यात तिलाच अडकवण्यासाठी वापरला. पुढची स्त्री नमुना द्यायला कचरली तर तिला दोष कसा द्यायचा? कॅलिफोर्नियाला हे थांबवण्यासाठी त्याच वर्षी कायदा करावा लागला. मेरीलँड राज्याने २०२१ मध्येच दाखवून दिले होते की गुन्हेगार पकडणे आणि लोकांची माहिती राखणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात. तिथे गंभीर गुन्ह्यांतच, न्यायाधीशाच्या परवानगीनेच, आणि पोलिसांना प्रवेश असल्याचे सभासदांना स्पष्ट सांगणाऱ्या संग्रहांतच असा शोध घेता येतो, आणि काम संपल्यावर माहिती नष्ट करावी लागते. अशा कायद्याने गुन्हेगार मोकाट सुटतात, असे कोणाला म्हणायचे असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी म्हणणाऱ्याची आहे.

पोलिसांवर निदान न्यायालयाचा अंकुश असतो. बाजारावर तेवढाही नसतो, आणि लाळेच्या चाचण्या करणाऱ्या ट्वेंटीथ्रीअँडमी या कंपनीची कहाणी हे स्पष्ट दाखवते. माणसाच्या गुणसूत्रांच्या तेवीस जोड्यांवरून नाव घेतलेली ही कंपनी २००६ मध्ये निघाली. तिने दीड कोटी लोकांची माहिती जमवली आणि २०१८ मध्ये औषधे बनवणाऱ्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने तीस कोटी डॉलर गुंतवून तिच्याशी करार केला. म्हणजे ग्राहक जिला चाचणीची किंमत समजत होता ती धंद्याची फक्त पहिली कमाई होती. माल तर त्याची माहिती हाच होता. २०२३ मध्ये चोरट्यांनी इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून सुमारे चौदा हजार खाती उघडली. खाती चौदा हजार, पण माहिती गेली एकोणसत्तर लाख लोकांची, कारण प्रत्येक खात्यातून नातेवाइकांची यादी दिसत होती. त्या माहितीतून अश्केनाझी ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या वेगळ्या याद्या करून त्या विक्रीला मांडल्या गेल्या. ज्या समाजाची वंशावरून यादी करण्याचा इतिहास कुठे जाऊन पोहोचला होता हे जगाला ठाऊक आहे, त्याच समाजाची यादी पुन्हा बाजारात आली, हे वाचून मन सुन्न होते. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कॅलिफोर्नियाच्या महान्यायवाद्यांनी तर त्याच्या दोन दिवस आधीच आपली माहिती पुसून टाका, नमुने नष्ट करायला सांगा, असे ग्राहकांना जाहीरपणे बजावले होते. लिलावात रीजेनेरॉन या औषध कंपनीची बोली मागे पडली आणि सहसंस्थापिका अ‍ॅन वॉजिस्की यांच्याच ना-नफा संस्थेने ३० कोटी ५० लाख डॉलर देऊन संग्रह घेतला. शेवट बरा झाला म्हणायचा. पण दीड कोटी माणसांच्या आणि त्यांच्या सर्व नातलगांच्या रक्ताची माहिती देणेकऱ्याच्या मालमत्तेत धरली गेली आणि तिच्यावर बोली लागली, ही गोष्ट त्या शेवटाने पुसली जात नाही.

पासवर्ड फुटला तर बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही. नाव काढून टाकले की माहिती निनावी होते, हा दिलासाही खरा नाही. पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरून आडनाव, आणि आडनाव, वय, राज्य यांवरून माणूस शोधता येतो, हे संशोधकांनी २०१३ मध्येच संशोधनासाठी खुल्या ठेवलेल्या निनावी नमुन्यांतली जवळपास पन्नास माणसे ओळखून दाखवले होते. अमेरिकेत २००८ पासून जनुकीय भेदभावाविरुद्ध कायदा आहे. पण तो आरोग्यविमा आणि नोकरी एवढ्यापुरताच आहे. आयुर्विमा कंपनीला तो लागू नाही. म्हणजे भावाने केलेल्या चाचणीवरून बहिणीच्या आयुर्विम्याचा हप्ता ठरवायला तो कायदा आडवा येत नाही.

आता दुसरा आक्षेप, आणि माझ्या दृष्टीने हा पहिल्याहून अवघड आहे. माझे शरीर, माझी लाळ, माझे पूर्वज. मी कोण हे जाणून घेण्यापासून मला अडवणारे तुम्ही कोण? ज्याला आई-वडील, आजी-आजोबा सगळे ठाऊक आहेत त्याच्या तोंडी हा प्रश्न कुतूहलाचा असेल. पण परदेशात दत्तक गेलेल्या मुलाच्या तोंडी तो तसा नसतो. भारतातून, महाराष्ट्रातल्याही संस्थांमधून, अनेक मुले युरोप-अमेरिकेत दत्तक गेली. मोठी झाल्यावर त्यांतली काही जण जन्मदात्या आईच्या शोधात परत येतात, आणि कागदपत्रे अपुरी निघाली की डीएनए हाच त्यांचा उरलेला मार्ग असतो. आपल्या दत्तकविधानाच्या २०२२ च्या नियमांत अशा मूळ शोधाला जागा आहे, पण दत्तक मुलाच्या हक्काने जन्मदात्यांच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग होता कामा नये, असेही ते नियम सांगतात. कागदोपत्री शोधात हा तोल सांभाळता येतो. मध्ये एक अधिकारी असतो, तो आईला आधी विचारतो. डीएनएच्या यादीत मध्ये कोणी नसते. अविवाहित असताना मूल देऊन टाकावे लागलेल्या आणि पुढे ते कोणालाही न सांगता संसार केलेल्या स्त्रीच्या पुतण्याने न्यू जर्सीत चाचणी केली, की तिचे गुपित तिच्या घरात पोहोचण्याचा रस्ता मोकळा होतो. यात मुलाचा हक्क खोटा नाही आणि आईचाही नाही. अर्जेंटिनाने या पेचाला दिलेले उत्तर विचार करण्यासारखे आहे. लष्करी राजवटीत पळवलेल्या नातवंडांना शोधण्यासाठी प्लाझा दे मायोच्या आज्यांनी लढा दिला, त्यातून १९८७ मध्ये राष्ट्रीय जनुकीय माहितीकोश कायद्याने स्थापन झाला आणि आजवर १३० हून अधिक नातवंडांची ओळख पटली. त्या संग्रहाचा हेतू ठरलेला आहे, तो सरकारी आहे, विकता येत नाही, त्यातल्या शोधामागे कायदा आहे. आणि तरीही पेच संपलेला नाही. काही मोठी झालेली मुले चाचणीला तयार नव्हती, वाढवणाऱ्यांना तुरुंगात पाठवायला तयार नव्हती, म्हणून २००९ च्या कायद्याने न्यायाधीशाला त्यांच्या वापरातल्या वस्तूंवरूनही डीएनए मिळवण्याचा अधिकार दिला. युनेस्कोच्या १९९७ च्या जाहीरनाम्यात आपली जनुकीय माहिती जाणून घ्यायची की नाही हे ठरवण्याचा हक्क प्रत्येकाला दिलेला आहे. त्या मुलांचा तो हक्क आज्यांच्या हक्कापुढे हरला. तो हरावा की नाही यावर शहाणी माणसे आजही एकमेकांशी सहमत नाहीत, आणि मीही ठाम सांगू शकत नाही. एवढे मात्र दिसते की तिथे निर्णय संसदेने आणि न्यायालयाने घेतला, एखाद्या कंपनीच्या अटींनी नव्हे.

माहिती कुळाची असते तशी समाजाचीही असते. अ‍ॅरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई जमातीच्या लोकांनी १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी एका विद्यापीठाला रक्त दिले. विद्यापीठाने ते पुढे मानसिक आजार, आप्तविवाह आणि जमातीचे मूळ स्थान या अभ्यासांसाठीही वापरले. आपण याच दरीत जन्मलो, अशी ज्यांची श्रद्धा त्यांना त्यांच्याच रक्ताच्या आधारे सांगण्यात आले की तुमचे पूर्वज आशियातून आले. २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर भरपाई दिली आणि उरलेले नमुने परत केले. आपल्याकडच्या बेने इस्राएल समाजाचा अनुभव वरवर याच्या उलट आहे. कोकणात तेल गाळणारे, शनिवार पाळणारे हे मराठी भाषक ज्यू इस्रायलला गेले तेव्हा १९६० च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे फर्मान काढले होते, आणि त्यांना त्याविरुद्ध आंदोलन करावे लागले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे असल्याचे दाखवले. समाजाची परंपरा खरी ठरली म्हणून आनंद वाटतो. पण प्रयोगशाळेचे उत्तर उलटे आले असते, तर शेकडो वर्षे पाळलेला शब्बाथ खोटा ठरला असता काय? वंशाची साक्ष एकदा डीएनएकडे सोपवली की तो देईल ते उत्तर सोसावे लागते, आणि ते सोसणारा समाज बहुधा दुबळाच असतो.

भारतात लाळेच्या चाचण्या अजून थोड्याच लोकांनी केल्या आहेत, तेव्हा ही चिंता आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. चिंता करण्याचे कारण आपली जातिव्यवस्था आहे. दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८१ गट असे निघाले की त्यांच्यातला मूळ पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांहून आणि अश्केनाझी ज्यूंहूनही गडद आहे. शतकानुशतके जातीतच लग्ने झाल्याचा हा परिणाम. याचा अर्थ असा की अशा समाजात नाते नसलेल्या दोन माणसांचेही तुकडे जुळतात, यंत्राला ते जवळचे भाऊबंद वाटतात, आणि नेमका माणूस शोधणे अमेरिकेपेक्षा अवघड जाते. पण त्याची जात ओळखणे सोपे जाते. जिथे आडनाव बदलून, गाव सोडून माणसे जातीचा शिक्का मागे टाकू पाहतात, तिथे ही क्षमता कोणाच्या हाती जावी याचा विचार अमेरिकेने केलेला नाही. तो आपल्यालाच करावा लागेल. शिवाय वंशवृक्ष उभा करायला अमेरिकी तपासकांना जी वणवण करावी लागली ती मराठी घराण्यांच्या बाबतीत करावी लागणार नाही. आपल्याकडे कुलवृत्तांत छापलेले आहेत, दहा-बारा पिढ्यांचे, पत्त्यांसकट. बऱ्याच जुन्या कुलवृत्तांतांत मुलीची नोंद सासरच्या नावापाशी थांबते. डीएनए तिथे थांबत नाही. आणि चाचणी महाराष्ट्रातच व्हायला हवी असेही नाही. सिएटलमधल्या भाच्याची नळी नाशिकच्या मामाला पुरते.

आजारांच्या बाबतीत तर हे आपल्या दारात आलेलेच आहे. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारासाठी तपासणी करण्याचे ठरले, आणि नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी गावांत तपासणीच्या निकालाची कार्डे वाटली जातात. दोन वाहकांचे लग्न झाले तर मुलाला आजार होण्याची शक्यता प्रत्येक गरोदरपणात पंचवीस टक्के असते, म्हणून लग्नाआधी कार्डे ताडून पाहावीत हा हेतू चांगला आहे आणि ही मोहीम हवीच. पण वाहक निरोगी असतो. त्याचे कार्ड गावात, आश्रमशाळेत, नोकरीच्या दारात कोण पाहणार, मुलीकडे बोट दाखवून कोण बोलणार, एका बहिणीच्या कार्डावरून दुसरीचे लग्न मोडणार का, या प्रश्नांची उत्तरे कार्डाबरोबर दिली गेली पाहिजेत.

आपला कायदा याबाबत अर्ध्या वाटेवर आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. फेब्रुवारी २०२३ मध्ये, पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या एका घटस्फोटाच्या वादात, पत्नीचे वर्तन सिद्ध करण्यासाठी मुलाचा डीएनए तपासायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. आई-वडिलांच्या भांडणात मुलाची जनुकीय माहिती हत्यार म्हणून वापरता येणार नाही, हा त्या निकालाचा आशय. माहितीचा संबंध असलेल्या तिसऱ्या माणसाचा विचार आधी करायचा, ही दृष्टी त्यात आहे, आणि म्हणून मला तो या विषयावरचा आपल्याकडचा सर्वांत महत्त्वाचा निकाल वाटतो. संसदेने मात्र ही दृष्टी घेतलेली नाही. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने जैविक नमुने आणि त्यांचे विश्लेषण गोळा करून नोंदी ७५ वर्षे ठेवण्याची मुभा दिली. निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट करण्याची तरतूद आहे, पण नातेवाइकांचा शोध त्या नोंदींतून घेता येईल की नाही यावर कायदा बोलत नाही. डीएनए तंत्रज्ञानाचे २०१९ चे विधेयक स्थायी समितीने तपासले, त्यावर गंभीर आक्षेप नोंदले गेले, आणि जुलै २०२३ मध्ये ते मागे घेतले गेले. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीला वेगळा दर्जाच नाही. युरोपच्या कायद्यात तो आहे. दरम्यान जीनोम इंडिया प्रकल्पाने ८३ समाजगटांतल्या दहा हजार लोकांची जनुकीय माहिती फरिदाबादच्या केंद्रात ठेवून जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना उपलब्ध केली. औषधशास्त्रासाठी हे काम मोलाचे आहे आणि प्रवेश अर्ज करूनच मिळतो. पण त्या अर्जामागचे नियम संसदेने केलेले नाहीत.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. माहिती कुळाची म्हटली तर प्रत्येक चाचणीला साऱ्या कुळाची संमती घ्यायची का? तसे केले तर रुग्णाची साधी कर्करोगाची जनुकचाचणीही अडेल. खरे आहे, आणि म्हणूनच मी संमती वाढवा असे म्हणत नाही. फ्रान्सने हौशी चाचण्यांवर सरसकट बंदी घातली, करणाऱ्याला ३,७५० युरोपर्यंत दंड ठेवला. तरीही लोक परदेशातून नळ्या मागवतात. कुतूहलाला गुन्हा ठरवणे मलाही पटत नाही. ज्याला आपले मूळ शोधायचे आहे त्याने जरूर शोधावे. बंधन हवे ते साठवणाऱ्यावर. नातेवाइकांची यादी मागितल्याशिवाय उघडू नये. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याखेरीज ती वापरू नये, आणि कंपनी बुडाली किंवा विकली गेली तर माहिती मालमत्ता म्हणून पुढे जाऊ नये, नष्ट व्हावी. पोलिसांना गंभीर गुन्ह्यातच आणि न्यायाधीशाच्या आदेशानेच शोध घेता यावा. लग्नाआधी दोघांनी आपणहून कार्डे ताडून पाहणे सोडले, तर विमा, नोकरी, लग्न आणि जातीची पडताळणी यांत स्वतःच्या किंवा नातलगाच्या जनुकीय माहितीचा वापर हा गुन्हा ठरावा. आणि ज्याने चाचणी केलेली नाही पण जो त्या माहितीत ओळखू येतो, त्यालाही दाद मागता यावी. या शेवटच्या अटीवर मी सर्वांत जास्त भर देतो, कारण आज कोणत्याही कायद्यात त्या माणसाला पुरेशी जागा नाही.

डीएनएविषयीचे नवे विधेयक आज ना उद्या येईल, मसुदा जाहीर होईल आणि सूचना-हरकती मागवल्या जातील. त्या मुदतीत सामान्य माणसांनी पाठवलेली पत्रे अशा प्रसंगी फार थोडी असतात. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने त्या वेळी एक पत्र पाठवावे, आणि त्यात निदान एवढे विचारावे की ज्या नातेवाइकाने लाळ दिलीच नाही, त्याचे या कायद्यात काय.